पडदा किती हात खाली

दादूस,

तुझं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी जयवंतशेठ घरी आला. तुझा फोटो ओटीवरच होता. त्याने हात जोडले, खुर्चीच्या कडेवर बसला आणि आलेला चहा प्यायला. मग वहिनीला म्हणाला, कोंबड्यांची बॅच बाविसाव्या दिवसात आहे, थंडी हटत नाही, शेडला माणूस पाहिजे. बाहेरचा माणूस ठेवायची त्याची इच्छा नाही. दादूसच्या जागी तुम्हीच या.

वहिनी म्हणाली, "बगते."

मी आतल्या दारात उभी होते. शेवटच्या तीन महिन्यांतली तुझी छाती मी एक्स-रेच्या फिल्मवर पाहिली आहे. ती त्या पोल्ट्रीच्या शेडमुळेच तशी झाली, असं कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलेलं नाही. एकाने तोंडी म्हटलं. दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा सांगते. आणि तिसरी ही, की गेला महिनाभर वहिनी सकाळी उठल्यावर खोकते आणि विचारलं की चुलीच्या धुराचं नाव घेते. चूल आता आंघोळीच्या पाण्यापुरती पेटते. त्याच शेडमध्ये हा माणूस तिला बोलवत होता आणि ती नाही म्हणत नव्हती.

शेठ गेल्यावर मी तिच्याशी भांडले. तुझ्याशी भांडायचे तशीच. तीच वाक्यं, तोच क्रम. अर्ध्यात लक्षात आलं की मी अजून तुझ्याशीच बोलते आहे. म्हणून हे तुलाच लिहिते. आपला वाद तू नेहमी एकाच पद्धतीने संपवायचास. पाण्याची लाइन बघून येतो म्हणून उठायचास. आता उठता येणार नाही.

तुझ्यातलं जे चांगलं होतं ते आधी सांगते, कारण माझा राग त्यातूनच आला आहे.

खारबावच्या त्या शेडमध्ये तुझ्यासोबत मी पहिल्यांदा आले तेव्हा तू मला दारात थांबवलंस आणि एकदा शीळ घातलीस. हजारो कोंबड्या एका क्षणी गप्प झाल्या. तेवढ्या शांततेत तू मान तिरकी करून ऐकत राहिलास. मग कोपऱ्यात जाऊन एक पक्षी उचलून आणलास. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. तू त्याच्या नाकपुड्या बोटाने पुसल्यास, कानाशी धरलास, आणि म्हणालास, ही शिंकली. दोन दिवसांत हिच्या बाजूच्या दहा शिंकतील. पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या कंपनीचा डॉक्टर दर आठवड्याला यायचा, तो आधी तुलाच विचारायचा. त्याने तुला एकदा त्याचा स्टेथोस्कोप हातात दिला होता, तू तो कोंबडीला लावून पाहिला होतास. घरी येऊन तू आम्हाला ते करून दाखवलंस, उशी घेऊन. वहिनी हसून हसून भिंतीला टेकली होती.

दर आठवड्याला डॉक्टर, दादूस. पक्ष्यांसाठी. तू तिथे तेरा वर्षं काम केलंस. तेरा वर्षांत त्या शेडमध्ये कुणी तुझ्या छातीला ती नळी लावली नाही, आणि ती हातात आली तेव्हा तूही लावली नाहीस.

ज्यांनी पोल्ट्री आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. या शेडमध्ये जमिनीवर भाताच्या तुसाचा थर असतो. त्याला गादी म्हणतात. पक्षी त्याच गादीवर खातात, बसतात, हगतात. वर पाणी सांडतं. त्यातून अमोनिया उठतो. डोळ्यांना झोंबतो, घशाला लागतो. गादी कडक होऊ नये म्हणून ती रोज दाताळ्याने उकरावी लागते, आणि उकरली की तूस, पिसं, वाळलेली विष्ठा यांची धूळ उठते. बॅच उचलून नेली की तीच गादी कोंबडखत म्हणून पोत्यांत भरतात, तेव्हा तर शेडमध्ये समोरचा माणूस दिसत नाही. शेडच्या दोन्ही बाजूंना जाळी, आणि जाळीवर खालून वर ओढून बांधलेले पडदे. पडदा वरून खाली सोडला की हवा खेळते. पण थंडीत तो सोडला की पक्षी गारठतात, खाल्लेलं अंगाला लागत नाही, वजन कमी भरतं. म्हणून थंडीत पडदे बंद. आत उबदार, आणि आत अमोनिया.

मग पडदा किती सोडायचा, हे कुणी ठरवायचं? इथे तुझं नाक यायचं.

सकाळी तू दारात उभा राहायचास. डोळे मिटून एक मोठा श्वास घ्यायचास आणि मग सांगायचास, दोन हात खाली. किंवा एक हात. किंवा राहू दे बंद. मोजमाप हाताचं, कोपरापासून बोटापर्यंत, आणि हात तुझा. शेठने दुसरं काही कधी आणलं नाही. कंपनीचा माणूस आला की तोही म्हणायचा, दादूसला इचार. त्या शेडवर सगळे तुला दादूस, म्हणजे थोरला भाऊच म्हणत, तुझ्याहून मोठे असलेलेसुद्धा. तुला ते आवडायचं. का आवडू नये?

मलाही आवडलं, आणि तिथे माझी चूक आहे.

पक्ष्यांच्या आजाराची भीती पसरली होती त्या वर्षी मला आमच्या पेपरात पोल्ट्रीवर पान करायचं होतं. मी पक्ष्यांबद्दल विचारलं, खाद्याबद्दल विचारलं, बाजाराबद्दल विचारलं. आत राबणारा माणूस काय श्वासात घेतो, हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. उलट एक वाक्य मी लिहिलं, वाचकांना आवडेल म्हणून: "अनुभवी कामगार नुसत्या नाकाने शेडची हवा ओळखतात." बाजूला तुझा दारातला फोटो. ते वाक्य मी तपासलं नव्हतं. दोन सकाळी मी तुला श्वास घेताना पाहिलं होतं, तेवढाच आधार. शेठने ते कात्रण प्लास्टिकमध्ये बसवून खाद्याच्या खोलीत लावलं. तू गावभर बहिणीचं कौतुक सांगितलंस, आमच्या बायनं लिवलंय.

मग तुला खोकला लागला.

पहिल्यांदा भिवंडीत डॉक्टरकडे आपण दोघं गेलो होतो. बाकावर सगळे लूमचे कामगार, खांद्यावर सूत चिकटलेले, प्रत्येकाला खोकला. डॉक्टरने तुझ्याकडे न बघता विचारलं, "कितने साल से लूम पे हो?"

तू म्हणालास, "लूमवर न्हाय साहेब. पोल्ट्रीवर."

त्याने मान वर केली. "पोल्ट्री? मग खोकला तुला झालाय का कोंबडीला?"

सगळा बाक हसला. सगळ्यात मोठ्याने तू. हसता हसता तुला उबळ आली आणि तू खिडकीशी जाऊन उभा राहिलास. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, त्याच्यापुढे रांग होती. पण बाहेर आल्यावर मी केसपेपर वाचला. कामाच्या रकान्यात त्याने 'लूम' लिहिलं होतं. या गावात खोकला म्हणजे लूम. हात सवयीने चालला असेल.

मी म्हटलं, परत आत चल, दुरुस्त करून घेऊ.

"जाव दे ना बाय," तू म्हणालास. "औषद तर तोच देनार हाय."

गेलो नाही. पुढचे सगळे डॉक्टर तोच कागद वाचत राहिले. टीबीची तपासणी झाली, निघाला नाही. कुणी सूत विचारलं, कुणी बिडी विचारली. तू बिडी कधी ओढली नाहीस. शेवटच्या हॉस्पिटलमधल्या त्या एका डॉक्टरपर्यंत कोंबडखत कुणीही विचारलं नाही. एकाने तोंडात फवारायचा पंप दिला, रोज घ्या म्हणाला. तू तो जीव घाबरा झाल्यावरच काढायचास, आणि तोही भिंतीआड जाऊन, कुणी बघत नाही ना हे पाहून. चोरून बिडी ओढणारी माणसं जशी जातात तसा.

आता ती दुपार. तू हयात असताना मी तिच्याबद्दल कुणाजवळ बोलले नाही. आता बोलते.

मागच्याच्या मागची थंडी. रविवार. मी खारबावला आले होते. वहिनी तव्यावर सुके बोंबील भाजत होती. त्या वासाने शेजारची दोन मांजरं दारात येऊन बसली होती. मी आळीच्या तोंडाशी असतानाच आज काय जेवण आहे ते मला कळलं होतं. तू हातपाय धुऊन आत आलास, पाटावर बसलास आणि म्हणालास, "आज नुसता वरन कं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, थट्टा करतोयस. मी तवा उचलून तुझ्या नाकापाशी धरला. तू म्हणालास, सर्दी हाय. तुला सर्दी नव्हती. मग मी जे केलं ते जरा क्रूर होतं, पण मला खात्री करायची होती. तुला डोळे मिटायला लावले. उदबत्ती धरली. खोबरेल तेलाची बाटली धरली. स्टोव्ह पुसायचा रॉकेलचा बोळा धरला. पहिल्या दोन वेळी तू अंदाजाने काहीतरी बोललास. तिसऱ्या वेळी डोळे उघडलेस, बोळा पाहिलास, आणि पाण्याची टाकी बघून येतो म्हणून उठून गेलास.

जेवण निवलं. वहिनी तव्याकडे बघत बसली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, की गणपतीत दूध करपलं तेव्हा हे बाजूलाच बसले होते.

मी नंतर माहिती काढली. यात नवल काही नव्हतं. रोज त्या हवेत राहणाऱ्याला काही दिवसांनी अमोनिया जाणवेनासा होतो, आणि वर्षानुवर्षं राहिलं तर नाक कायमचं अधू होऊ शकतं. म्हणजे जो माणूस शेडमध्ये सगळ्यात जुना, त्याचंच नाक सगळ्यात कमी भरवशाचं. आणि आपण सगळ्यांनी, शेठने, कंपनीने, मी, नेमकं तेच नाक धरून ठेवलं होतं.

तुझं नाक गेलं केव्हा, हे कुणालाच माहीत नाही. तुलाही नसावं. पण रखमी मला माहीत आहे. पाड्यावरची, गादी उकरायला येणारी. त्या रविवारच्या आधीचे दोन हिवाळे ती शेठला सांगत होती की आत डोळे जळतात, छाती भरते. शेठ तुला बोलवायचा. तू दारात उभा राहायचास, श्वास घ्यायचास आणि सांगायचास, कायच न्हाय. खोटं बोलत नव्हतास. तुला खरंच काही येत नव्हतं. मग शेठ रखमीला कात्रण दाखवायचा. पेपरात आलंय, म्हणायचा. तिला वाचता येत नाही. तिने फोटो पाहिला आणि दाताळं उचललं. हे तिनेच मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून.

त्या संध्याकाळी मी तुला सांगितलं, उद्या सकाळी शेठकडे जा आणि बोल, की मला वास येत नाही. एवढंच बोल.

तू म्हणालास, "नाक न्हाय, तं मी तिथं कोन?"

मी म्हटलं, तू बोलला नाहीस तर मी दुरुस्ती छापते.

"छाप. मंग घरी येव नको."

दोन महिने मी आले नाही. दुरुस्तीही छापली नाही. तुझ्या धमकीला घाबरून नाही, हे तुला कळायला हवं. मी ऑफिसात विषय काढला. वरिष्ठ म्हणाले, त्या बातमीला किती वर्षं झाली, वाचकाच्या लक्षातही नसेल. आणि मी मान डोलावली. वाचकाच्या लक्षात नसेल, पण खाद्याच्या खोलीच्या भिंतीवर आहे, हे मला म्हणता आलं असतं. शेठला फोन करता आला असता. त्याचा नंबर माझ्याकडे होता. रखमीला गाठून, तुझं बरोबर होतं, असं सांगता आलं असतं. यातलं मी काहीही केलं नाही. तू गप्प बसलास त्याचा मला राग आहे, तेव्हा माझं गप्प बसणंही इथे लिहायला हवं.

पुढचं मला वहिनीने तुझ्या बाराव्यानंतर सांगितलं.

त्या रविवारनंतर तू तिला रोज सकाळी शेडवर न्यायला लागलास. माणसांना सांगितलंस, डबा घेऊन येते. डबा आधी तू स्वतःच न्यायचास. ती दारात तुझ्या मागे उभी राहायची. आतून वास आला की पदर नाकाला लावायची. थोडा असला तर नुसता धरायची, जास्त असला तर तोंडावरून घट्ट ओढून घ्यायची. तू आधीसारखाच डोळे मिटून श्वास घ्यायचास, डोळे उघडताना एकदा मागे बघायचास, आणि सांगायचास, दोन हात खाली. शेठला वाटायचं, वहिनी त्याच्यासमोर लाजते. दोन हिवाळे हे चाललं आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही.

हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा हसले, आणि मग तुझा इतका राग आला की उठून अंगणात गेले. कारण तू ऐकलं होतंस माझं. तुला पटलं होतं. रखमीला मी विचारलं, ती म्हणाली, हो, या दोन वर्षांत डोळे कमी जळायचे, पडदे जास्त उघडे असायचे. तेवढे श्वास तू तिला दिलेस, हे तुझ्या नावावर राहील आणि मी ते कुणाला खोडू देणार नाही. पण त्यासाठी तू काय केलंस, दादूस? जी बाई घरात सुरक्षित होती तिला आणून त्या दारात उभी केलीस. एक वाक्य बोलायला नको म्हणून.

हॉस्पिटलमध्ये तू फार बोलू शकत नव्हतास. मास्क काढून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचास, शेडवर कोण आहे. मी सांगायचे, शेठ बघतोय. शेवटच्या आठवड्यात एकदा तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "बाय, तू बोलायचीस ते…" आणि नर्स आली. ती गेल्यावर तुला झोप लागली होती. ते वाक्य कुठे जात होतं याचा मी अंदाज करणार नाही. माझ्या बाजूने ते पुरं करणं सोपं आहे, म्हणूनच करणार नाही.

तर वहिनी. तिच्या माहेरी, शेलारला, भावाने एका गोदामात पॅकिंगचं काम बोलून ठेवलं होतं. बसून काम, बस दारापाशी. मी जाऊन पाहून आले. उंच छप्पर, मोकळी हवा, पंखे. मी तिला सगळं समजावून सांगितलं, एक्स-रे पुढे ठेवून. तिने शांतपणे ऐकलं.

मग म्हणाली, "गोदामात मना कोन इचारनार? इथं इचारतान."

तुझंच वाक्य. शब्द वेगळे, बाकी तुझंच. मला ते भिंतीवर आपटावंसं वाटलं. तुमच्यासारख्या माणसांना कुणी कधी काही विचारत नाही, आणि विचारतात ते एकाच ठिकाणी, जिथली हवा तुम्हाला मारते. मी म्हटलं, वहिनी, दादूसला पण तेच वाटायचं. ती म्हणाली, "त्यांचा नाक मेल्ता. माझा जिता हाय. तो मरायच्या आत मी सोरीन."

एवढ्यावर ती एका गोष्टीला कबूल झाली. सोमवारी माझ्यासोबत छाती तपासायला येईन, आणि या वेळी कागदावर कोंबडी लिहून घेईन म्हणाली. मी तिला चांगल्यातला मास्क आणून दिला. तिने तो उलटसुलट पाहिला, नाकाला लावला आणि लगेच काढला. यात वास कलनार न्हाय, म्हणाली. ते खरंच होतं.

काल सकाळी ती गेली. मी सोबत गेले. परत आणायचं असं मनात ठरवून गेले होते, हे कबूल करते.

दारात शेठ होता, दाताळं घेऊन रखमी होती. पडदे दोन्ही बाजूंनी वरपर्यंत बंद. शेठ अदबीने बोलला. "वहिनी, सांगा आता."

मला दारापासून चार पावलांवरच डोळ्यांत पाणी आलं होतं. वहिनीचा हात पदराकडे गेला नाही. ती सरळ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "वास हाय. तीन हात खाली करा."

"तीन?" शेठ म्हणाला. "अवो, थंडी बगा. वजन परंल. दादूस दोनच्या वर कदी बोलला न्हाय."

"त्यांना वास येतच नव्हता," वहिनी म्हणाली. "दोन वर्सं मी सांगत व्हते. आनि घाबरत सांगत व्हते. म्हनून दोन."

शेठने माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणेन अशा आशेने. मी म्हटलं, खरं आहे, त्याचं नाक गेलेलं मला माहीत होतं.

तुला कशाची भीती होती, दादूस? हसतील म्हणून? त्या डॉक्टरच्या बाकावर हसले तसे? मी तिथे होते, म्हणून तुला सांगते. शेठ हसला नाही. खाद्याची पोती उतरवणारे दोघे ऐकत होते, तेही हसले नाहीत. शेठने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. तो बराच वेळ पडद्याच्या दोरीकडे बघत होता. तुझ्यावर रागावला असेल असं मला वाटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी होतं. तो मागचं आठवत होता. मग तो वळला आणि जिला त्याने इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं तिला विचारलं.

"रखमे, तुला येतो कं वास?"

रखमीने दाताळं भिंतीला टेकवलं.

"पयल्यापासून," ती म्हणाली.

शेठने स्वतः दोरी सोडली. एका बाजूचा पडदा तीन हात उतरला, मग दुसऱ्या बाजूचा. आतली हवा दारातून आमच्या अंगावर आली आणि आम्ही सगळे मागे सरलो, शेठसुद्धा. वहिनी बाहेरच थांबली. रखमीही थांबली. शेठने एकदा, जाताय ना, असं विचारलं. वहिनी म्हणाली, आजून न्हाय. दोघी भिंतीच्या उन्हात बसल्या आणि बोलत राहिल्या. मी ऐकलं नाही काय ते. पाऊण तासाने वहिनी उठली, दारात गेली, एक श्वास घेतला, आणि नाही अशी मान हलवून परत येऊन बसली.

शेठने कुणालाही घाई केली नाही.